ऐकणाऱ्याची जागा

१

तळघरातल्या त्या खोलीत सकाळ काय आणि संध्याकाळ काय, सगळं एकाच रंगाचं. भिंतींना आवाज शोषणारा करडा फोम, छताला एक ट्यूबलाइट, मधोमध लांब टेबल आणि टेबलावर भला जड, जुना टेपरेकॉर्डर. एका भिंतीत काचेची खिडकी होती, पण ती रस्त्यावर उघडणारी नव्हे. पलीकडे दुसरी अंधारी खोली, यंत्रांची. वर ग्रंथालय होतं. तिथे खुर्ची सरकली की खाली नुसती थरथर कळायची, आवाज म्हणून काही यायचा नाही.

इथे जी बाई रोज काम करायची तिला ऑफिसात सगळे मॅडम म्हणत. आपण तिला मावशीच म्हणू. या गोष्टीत ती आधी मावशी आहे, बाकी सगळं मागाहून.

तिचं काम ऐकायचं. एक भाषा होती. ती बोलल्याबद्दल शाळेत छड्या खायची वेळ आली, तेव्हा आयांनी ती पोरांना शिकवणंच सोडून दिलं, आणि पुढे बोलणारी माणसं एकेक करून गेली. अगदी शेवटी उरलेल्या एका म्हातारीचा आवाज एका प्राध्यापकाने तेवढा टेपवर धरून ठेवला होता. आता त्या लोकांच्या नातवंडांना, पणतवंडांना आपली भाषा परत हवी होती. त्यांनी समिती काढली, पुढारपण एका निवृत्त बसचालकाकडे दिलं. त्यांना सगळे काका म्हणत. प्राध्यापक नुकतेच वारले तेव्हा त्यांच्या घरून रिळांच्या पेट्या इथे आल्या, आणि मावशी कामाला लागली. रीळ लावायचं, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. असं एकेका वाक्यापायी दुपार जायची. हेडफोनने कान दुखत म्हणून ती स्पीकरवरच ऐकायची.

म्हातारी गोष्ट सांगायची. पण तिची एक सवय होती. वाक्य संपलं की थांबायची. दम लागल्यासारखी नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघत माणूस थांबतं ना, तशी. त्या लोकांत गोष्ट एकट्याने सांगतच नसत, काका सांगायचे. एक सांगणारा आणि एक ऐकणारा. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने हं म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. आणि प्राध्यापक पडले शिस्तीचे. रेकॉर्डिंग करताना आपला आवाज टेपवर येऊ द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. म्हातारी थांबायची, सर गप्प. ती वाट बघायची, सर गप्पच. मग नाइलाजाने ती पुढे जायची. रिळामागून रिळं हेच.

"मॅडम, निम्मं रीळ तर मौनव्रतातच आहे," रेकॉर्डिस्ट म्हणायचा. त्याला सगळे बटण्या म्हणत, कारण दिवसभर बटणं दाबण्याखेरीज तो काही करत नाही असा संचालकांचा समज होता. "कापून टाकू का मधलं? जागा तरी वाचेल."

"हात लावून तर बघ," मावशी म्हणायची. "गप्प बसणं हाही बोलण्याचाच भाग असतो."

"मग आमची बायको फार बोलते म्हणायचं," बटण्या म्हणायचा आणि काचेपलीकडच्या खोलीत निघून जायचा.

टेबलाखाली ठकी बसलेली असायची. मावशीच्या बहिणीची मुलगी, पाचेक वर्षांची. बहीण गेल्या हिवाळ्यात वारली, आजारपण ते शेवट असा श्वास घ्यायलाही वेळ न देता. वडील होते म्हणायचे, पण ते कुठे होते हे त्यांनाच ठाऊक. आई गेली त्या दिवसापासून ठकीने चकार शब्द काढला नव्हता. रडली नव्हती, हाक मारली नव्हती, झोपेतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणत, धीर धरा. शाळा म्हणे, उन्हाळ्यानंतर वर्ग सुरू होतील तोवर बोलली तर ठीक, नाहीतर मुक्या मुलांच्या शाळेत नाव घाला. ती शाळा लांबच्या गावात, राहायची सोय तिथेच. म्हणजे पोर हातची जाणार. मावशीचा जीव तेवढ्या एका गोष्टीवर टांगणीला लागला होता. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती ठकीला कामावर आणायची. ठकी रिळांच्या रिकाम्या चकत्या एकावर एक रचत बसायची आणि मोडायची.

त्या दुपारी म्हातारी एका नदीची काहीतरी गोष्ट सांगत होती. वाक्य संपलं. ती थांबली. टेप सरसरत राहिली.

टेबलाखालून आवाज आला, "हं."

२

मावशी इतक्या घाईने वाकली की कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. खाली ठकी मांडी घालून, मान जरा तिरकी करून बसली होती. वर म्हातारीने पुढचं वाक्य सुरू केलं, संपवलं, थांबली.

"हं," ठकी म्हणाली. नाकातून, शेवटी जरा वर चढणारा हुंकार. तिचा आवाज कसा आहे हे मावशी विसरलीच होती.

त्या दिवशी काम कसलं होतंय! मावशी रडत होती, हसत होती, बटण्या धावत जाऊन चॉकलेटं घेऊन आला आणि निम्मी त्यानेच खाल्ली. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "कुठल्या का भाषेत असेना, तोंड उघडलं ना? तुम्हीही त्याच भाषेत बोला तिच्याशी."

मावशीला काय, हेच तर हवं होतं. त्या मेलेल्या भाषेतलं जे काही तिने रिळांतून वेचलं होतं ते घरात सांडायला लागलं. पाणी हवं? दूध हवं? बूट कुठायत? ठकी आधी हं म्हणायची, मग एखादा शब्द म्हणू लागली, मग दोन. महिना उलटायच्या आत दोघी स्वयंपाकघरात बसून त्या भाषेत कांदा बारीक चिरायचा की जाड यावर वाद घालू लागल्या. मावशी शब्दाला अडखळायची. ठकी अडखळत नव्हती.

काकांना बोलावलं. ते कोट न काढताच दारात उभे राहिले. ठकीने त्यांना त्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि तो धिप्पाड माणूस भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

"बूट पुसून आत या म्हणतेय," काका डोळे पुसत म्हणाले. "माझी आजी अस्संच म्हणायची. अगदी हाच सूर. काय सांगते आहे याहून कुठल्या सुरात सांगते आहे, ते..."

ते गेल्यावर मावशी भांडी विसळत उभी राहिली. बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. बूट पुसून आत या, असं म्हातारी कुठल्याच रिळात म्हणत नव्हती.

३

मुलं भाषा शिकतात म्हणजे काय पोपटपंची करतात थोडीच! चार वाक्यं ऐकून पाचवं पदरचं बनवतात. हे मावशीने वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं. तिने मनाची तीच समजूत घातली.

पण वाक्य बनवता येतं, शब्द कुठून आणायचा? एके सकाळी खिडकीची काच वाफेने धूसर झाली होती. ठकीने तिच्यावर बोट फिरवलं आणि एक शब्द म्हणाली. मावशीने तो कधीच ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एक, दुधावर सुरकुतणाऱ्या सायीचा. मग कोपराच्या आतल्या खळगीचा. काकांना फोन केला तर पलीकडे त्यांनी ते शब्द एकेक करून पुटपुटून पाहिले आणि म्हणाले, "हो. हो, असंच म्हणायचे. मी विसरलोच होतो की हो!"

आणि इथे मावशीने ती चूक केली, जी तिच्यासारखी माणसंच करू जाणोत. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला बोलणारं माणूस सापडलं की त्याचे हात शिवशिवतात. समोर लेकरू आहे, भाची आहे, आईविना आहे, हे कळत असूनही ती विचारत सुटली. याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात? समितीच्या वर्गासाठी शब्द हवे होते आणि पोर झऱ्यासारखी देत होती. फक्त देण्याआधी ती थांबायची. मान तिरकी करायची, उजवा कान जरा वर. मग, "हं," आणि मग शब्द.

"कोण सांगतं गं तुला?" मावशीने शेवटी विचारलं, त्याच भाषेत.

ठकीने टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. मावशीचा जीव भांड्यात पडला. मग ठकीने मान हलवली, आणि बोट जरासं बाजूला नेलं. टेपरेकॉर्डरशेजारी एक रिकामी खुर्ची होती. एरवी बटण्या तिच्यावर आपली पिशवी ठेवायचा.

मावशी हसली. हसायचं म्हणून हसली. मुलांना असले सवंगडी असतातच, आई गेलेल्या मुलांना तर असतातच.

त्या रात्री जेवताना दोघी गप्प होत्या. बाहेर एक गाडी गेली. नळ ठिबकत होता. ठकीने घास तोंडाजवळ नेला, थांबवला.

"हं," ती म्हणाली.

घास खाल्ला. पाणी प्यायली. थोडा वेळ गेला, एखादं लांबट वाक्य मावेल इतका.

"हं."

४

प्राध्यापकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होतं. मावशी ठकीला बटण्याकडे सोपवून दुपारीच गेली. सरांच्या बायकोने दार उघडलं. ठेंगणी, तुरतुरीत बाई, अंगात स्वेटर, बोलायला कुणी नसल्यामुळे बोलायला आसुसलेली.

"या, या. पेट्या परत नाही ना आणल्यात?" ती म्हणाली, आणि हा विनोद नव्हता हे मावशीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"नाही काकू. मला फक्त विचारायचं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी सर कधी... त्या म्हातारीला हं म्हणाले होते का?"

काकूंनी चहाचे कप खाली ठेवले. "तिथे नाही. तिथे जीभ चावून बसले असतील. पण घरी, खूप वर्षांनी. या खुर्चीत बसून ऐकत होते. मी तिकडे इस्त्री करत होते. ती बया थांबली, आणि हे सवयीने म्हणाले, हं. आपण फोनवर म्हणतो ना, तसं. त्यात काय एवढं?"

खिडकीपाशी एक खुर्ची होती. तिचा डावा हात घासून पांढरा पडला होता. समोर, अगदी समोर, दुसरी खुर्ची. तिच्यावर उशी नव्हती, काही नव्हतं.

"मग?"

"मग हळूहळू बोलणं कमी झालं. आधी शब्द आठवेनात, मग आपण काय म्हणतो ते कळेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका येऊन गेला असेल, माणसाला पत्ता लागत नाही. बाकी तब्येत ठणठणीत. जेवायचे, फिरायचे. आणि दिवसभर, हं. मी म्हणायचे, अहो मलाही सांगा की, काय एवढं चाललंय? माझ्याकडे बघायचे, परक्या बाईकडे बघावं तसे. चाळीस वर्षांचा संसार माझा!" काकूंचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच खडखडीत राहिला. "ते गेले त्या सकाळी मी इथेच होते. एक हं झाला. आणि मी, मूर्ख बाई, पुढच्या हंची वाट बघत बसले."

काकूंनी एक कप मावशीपुढे सरकवला.

"पेट्या लगेच दिल्या मी. ते गेल्यावर घर कसं गप्प व्हायला हवं ना? ते काही गप्प होईना. म्हणजे आवाज नव्हता हो. पण कुणीतरी थांबलंय असं वाटायचं." काकूंनी समोरच्या खुर्चीकडे न बघता तिच्याकडे पाठ केली. "तुमच्याकडे काय झालंय? घरात कुणी एकटं आहे का?"

५

मावशीने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी तळघरातल्या खोलीला पेट्यांसकट कुलूप घातलं, किल्ली संचालकांच्या टेबलावर ठेवली, आजारपणाची रजा टाकली. घरात त्या भाषेतला एक शब्द उच्चारायचा नाही असं ठरवलं. आता फक्त आपली भाषा.

"ठके, बूट घाल बाळा. बाहेर जाऊ."

ठकीने तिच्याकडे पाहिलं.

"बूट गं. बूट." मावशीने बुटांकडे बोट केलं. ठकी बोटाकडे बघत राहिली. हट्ट नव्हता तो. हट्ट असता तर मावशीने पेढे... नाही, पेढेबिढे जाऊ द्या, तिने देव पाण्यातून काढून डोक्यावर घेतले असते. पोरीला खरंच कळत नव्हतं. आई होती तेव्हा जी बडबड करून घर डोक्यावर घ्यायची, तिच्यापुढे हे शब्द नुसते आवाज होऊन पडत होते. अगदी तेव्हा, मुकी होती त्या महिन्यांतसुद्धा, तिला सगळं कळायचं.

मावशीने बहिणीचा फोटो आणला. "ही कोण? आई ना? म्हण, आई."

ठकीने फोटो हातात घेतला, उलटा केला, मागे काय आहे ते पाहिलं, आणि सभ्यपणे परत दिला.

मग मान तिरकी. "हं."

मावशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातही तो हुंकार ऐकू येत होता, ठरावीक अंतराने नव्हे, तसा असता तर बरं. कधी लगेच, कधी किती तरी वेळाने. लांब वाक्य, आखूड वाक्य. गोष्ट पुढे चालली होती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. कान उत्तम, मेंदू उत्तम. "काळजी घ्या," ते म्हणाले. बटण्याला फोन केला तर तो नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेला आणि मध्येच थांबला.

"मॅडम, खोलीला कुलूप आहे ना?"

"आहे. का?"

"काही नाही. काचेतून बघितलं मी परवा. ती खुर्ची, माझी पिशवीवाली. तोंड दाराकडे करून ठेवलीय कुणीतरी." मग स्वतःच म्हणाला, "झाडूवालीने हलवली असेल. तुम्ही या बुवा लवकर कामावर. मला तिथे एकट्याला करमत नाही."

ती झाडूवाली असेलही. मावशीने त्यालाही तेच सांगितलं. तिची अक्कल अजून शाबूत होती आणि प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण सापडत होतं. फक्त सरांची ती घासलेली खुर्ची डोळ्यांपुढून हलत नव्हती. सर म्हातारे होते, त्यांचं सगळं बोलून झालं होतं. ही पाच वर्षांची. हिचं आयुष्यात किती बोलायचं राहिलंय! एखाद्याने शाळेत न जाता, भांडण न करता, कुणाला शिवी न घालता, प्रेमाने हाक न मारता, नुसतं हं म्हणत म्हातारं व्हायचं?

शाळा सुरू व्हायला थोडेच आठवडे राहिले होते. आता तर मुक्यांच्या शाळेतही तिला कुणी घेणार नव्हतं.

६

दुपारी, वर ग्रंथालयात वर्दळ असताना, मावशी संचालकांकडून किल्ली मागून घेऊन ठकीसह तळघरात उतरली. मुद्दाम दुपार निवडली. जिन्यात कुणीतरी हसत होतं. बटण्या जेवायला गेला होता.

खोलीत कोंदट वास होता. ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागली. टेपरेकॉर्डर बंद, प्लग काढलेला, दोन्ही चकत्या रिकाम्या. खुर्ची खरंच दाराकडे तोंड करून होती. ठकी तिला वळसा घालून गेली, माणसाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून आपण सिनेमागृहात अंग चोरतो तशी, आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली. चेहऱ्यावर एवढी शांतता, मावशीला तिचा हेवा वाटला आणि भीतीही.

ती ठकीच्या शेजारी बसली. गार फरशी. ठकीची मान तिरकी झाली. ऐकत होती. डोळे लुकलुकत होते, काहीतरी मजेचं आलं असावं, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मग चेहरा स्थिर झाला. वाक्य संपलं होतं. पोरीने श्वास घेतला, आणि मावशीने अलगद तिच्या तोंडावर हात ठेवला.

ठकी दचकली नाही. फक्त वाट बघू लागली. तळहाताखाली तिचा ऊबदार श्वास लागत होता. खोलीत काहीही हललं नाही. पण शांतता हळूहळू जवळ येत गेली, कुणी पुढे वाकावं तशी.

अजूनही उठता आलं असतं. पोरीला उचलून जिना चढून वर, उजेडात. मावशीच्या मनात आलं, हे सगळं खोटं असेल तर मी एक वेडी बाई आहे, पोराच्या तोंडावर हात दाबून तळघरात बसलेली. आणि खरं असेल तर? गोष्टीला ऐकणारा एकच लागतो. तिने ठकीच्या डोक्यावर ओठ टेकले. तेलाचा, साबणाचा वास.

रिकाम्या खुर्चीकडे बघून मावशी म्हणाली, "हं."

नाकातून, शेवटी वर चढणारा. इतक्या महिन्यांनी तिला तो चांगलाच जमत होता.

समोरच्या भिंतीतल्या काचेत, अंधारावर, खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं. टेबल, ट्यूब, जमिनीवर दोघी जणी. खुर्चीची फक्त बाजू दिसत होती, आणि कडेला दोन हात, मांडीवर एकावर एक ठेवलेले, जुने, आणि ते हात आरामात सुटे झाले, माणूस एकदाचं समाधानाने सावरून बसतं तसे. मावशीने वळून पाहिलं नाही. तिला पुढचं वाक्य ऐकू यायला लागलं होतं. टेपवरचा खरखरीत आवाज नव्हे. दातांच्या फटीतून जाणारी हवाही ऐकू येत होती.

ठकीने तिचा हात तोंडावरून काढला. इकडेतिकडे पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं.

"मावशी," ती म्हणाली, आपल्या भाषेत, "मला आईकडे जायचंय," आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा धाय मोकलून रडली.

मावशीने तिला छातीशी घट्ट धरलं. सुख म्हणतात ते हेच असेल. काहीतरी बोलायला, बाळा, राजा, काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं. पण तेवढ्यात वाक्य संपलं होतं.

"हं," मावशी म्हणाली.

७

ठकी आता शाळेत जाते. साध्या, जवळच्या शाळेत. बाई तक्रार करतात, वर्गात क्षणभर तोंड बंद नसतं. मावशी ती तक्रार ऐकते आणि मान डोलावते. त्या भाषेतलं ठकीला काहीही आठवत नाही. काकांनी येऊन विचारून पाहिलं, तर ती त्यांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही असं नाकात काय बोलता?" काका हसले, पण जाताना त्यांनी मावशीकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काय कळलं देव जाणे. समितीच्या वर्गाला मात्र त्यांनी पोरांना सांगून ठेवलंय, गोष्ट ऐकताना हं म्हणायचं नाही, टाळ्या वाजवायच्या.

मावशीने नोकरी सोडली. सोडण्याआधी बटण्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मला काही झालं तर पेट्या ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात जाऊ द्यायच्या नाहीत." हे एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. बटण्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. त्याने ती खुर्ची माळ्यावर टाकली. त्याचा उपयोग नव्हता, मावशीच्या स्वयंपाकघरात खुर्च्या होत्याच.

सुरुवातीला तिला दोन्ही ऐकू यायचं. मग ठकीचं बोलणं पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं येऊ लागलं. बाजारात आधी भाज्यांची नावं गेली, मग महिन्यांची. बहिणीचं नाव एका सकाळी सापडेना, ती फोटो घेऊन दुपारपर्यंत बसली. काही शब्द तिने घट्ट धरून ठेवलेत. ठके. जेव. ये. झोप. ते रोज एकदा तरी ती वापरते, गंजू नयेत म्हणून. आणि कधी कधी, ती खोटं कशाला बोलेल, गोष्ट छान असते.

संध्याकाळी ठकी शाळेतून येते, दप्तर फेकते आणि सुरू होते. कोण कुणाशी भांडलं, कुणाची पेन्सिल कुणी लपवली, बाईंच्या केसांत काय अडकलं होतं. मावशी समोर बसते, गालावर हात ठेवून, पोरीच्या तोंडाकडे बघत. त्या तोंडातून काय येतंय ते तिला फारसं कळत नाही. पण येतंय, भरभरून येतंय, आणि बघताना तिचे डोळे निवतात. मधूनमधून ती हं म्हणते. ठकीला वाटतं, आपल्यालाच.

कालपर्यंत तरी वाटत होतं.

काल ठकी सांगता सांगता मध्येच थांबली. पेन्सिलीची गोष्ट अर्धीच राहिली. ती काही न बोलता मावशीकडे बघत बसली, बराच वेळ. नळ ठिबकत होता.

"हं," मावशी म्हणाली.

ठकीने भुवया आक्रसल्या. ती उठली, मावशीजवळ आली, तिने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून स्वतःकडे वळवला.

"मावशी, मी गप्प बसले होते," ती म्हणाली. "तू कुणाला हं म्हणालीस?"